जुन्या छायाचित्रांचा हक्क कोणाचा? स्मरणिकेच्या निमित्ताने आलेला माझा अनुभव

परभणी जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी जे सार्वजनिक वाचनालय आहे, त्याच्या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे निवडण्याचे, आणि ती छापण्यास कायद्याची काही आडकाठी नाही ना याची खात्री करून घेण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपवले. निवडीला फारसा वेळ लागला नाही. खात्री करून घेणे मात्र स्वतंत्र अभ्यासाचे काम निघाले. गावोगावच्या वाचनालयांत, शाळांत आणि सहकारी संस्थांत अशी छायाचित्रांची खोकी पडून आहेत आणि शताब्दी, अमृतमहोत्सव आले की ती उघडली जातात. तेव्हा माझ्यासारखेच काम ज्यांच्या वाट्याला येईल त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा सगळा अनुभव लिहून काढत आहे.

बैठकीत बहुतेकांचे म्हणणे असे होते की फोटो आपल्या कपाटात आहेत, पन्नास वर्षांहून जुने आहेत, शिवाय काम शैक्षणिक आहे, मग विचारायचे कोणाला आणि कशासाठी? हा समज सर्वत्र आढळतो आणि त्यातली तिन्ही कारणे कायद्यापुढे टिकत नाहीत. कागदाची प्रत आपल्या ताब्यात असणे ही एक मालकी आहे आणि त्या छायाचित्राच्या प्रती काढून प्रसिद्ध करण्याचा हक्क ही दुसरी. पहिली आपल्याकडे आली म्हणून दुसरी तिच्यामागोमाग येत नाही. जुनेपणाविषयी सांगायचे, तर नुसते वय मोजून काही हाती लागत नाही. छायाचित्र कोणी काढले, कोणाच्या सांगण्यावरून काढले आणि ते पहिल्यांदा छापून कधी प्रसिद्ध झाले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय एकाही फोटोविषयी ठामपणे बोलता येत नाही. म्हणून मी प्रत्येक छायाचित्रासाठी वहीचे एक पान केले, वर हे तीन प्रश्न लिहिले आणि फोटो उलटा करून पाहण्यापासून सुरुवात केली. पाठीमागचा स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने टाकलेला निगेटिव्हचा क्रमांक, पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात उठवलेले नाव, छापखान्यासाठी कोणीतरी लिहून ठेवलेले ब्लॉकचे, म्हणजे चित्र छापण्याच्या ठशाचे, माप, हे सगळे मी त्या पानावर उतरवून घेत गेले.

कायद्याची बाजू समजून घेण्यासाठी परभणीच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या एका परिचितांची मदत झाली. त्यांनी मला अधिनियमाची प्रतच दिली आणि म्हणाले, ‘‘बाई, आधी हे स्वतः वाचा, मग अडेल तिथे विचारा.’’ आपल्याकडे लागू असलेला प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) अधिनियम १९५७ चा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती, अशी त्यात स्पष्ट व्याख्या आहे. मुदतीच्या बाबतीत मात्र छायाचित्रांना अनेक वर्षे वेगळा नियम होता. लेखक किंवा चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ठरावीक वर्षे चालत असे, तर छायाचित्राची मुदत ते प्रसिद्ध झाल्यापासून मोजली जाई. सुरुवातीला ती ५० वर्षे होती आणि १९९२ च्या दुरुस्तीने ६० झाली. पुढे २०१२ च्या दुरुस्तीने, जी २१ जून २०१२ पासून लागू झाली, छायाचित्रांसाठीचे कलम २५ वगळण्यात आले आणि छायाचित्रेही इतर कलाकृतींच्या पंक्तीत येऊन बसली; म्हणजे छायाचित्रकाराचे आयुष्य आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून पुढे ६० वर्षे. ज्यांची मुदत २०१२ पूर्वीच संपली होती, त्यांचा हक्क या दुरुस्तीने पुन्हा जिवंत झाला नाही. हिशेब मांडला तर १९५१ च्या अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांची ६० वर्षे २०११ च्या अखेरीस पूर्ण झालेली होती. त्यामुळे १९५१ हे वर्ष माझ्या कामात सीमारेषा ठरले.

या सीमारेषेचा लगेच उपयोग झाला तो वाचनालयाच्या सर्वांत मौल्यवान छायाचित्रासाठी. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. त्यानंतर वाचनालयाची जी पहिली कार्यकारिणी बसली, तिचे हे समूहचित्र आहे. पुढे सतरंजीवर बसलेली मुले, मध्ये खुर्च्यांवर टोपीवाले आणि फेटेवाले सभासद, मागच्या रांगेत अगदी कडेला उभा असलेला, चेहरा किंचित हललेला शिपाई, आणि मागे दोन बाजूंनी धरलेली चादर. मूळ प्रतीच्या पाठीवर काहीही लिहिलेले नव्हते. तेव्हा छायाचित्रकार कोण, हे कळण्याचा मार्ग बंद होता आणि नुसत्या मूळ प्रतीवरून मुदतीविषयी काही म्हणता येत नव्हते. पण जुने अहवाल चाळताना १९४९ च्या छापील वार्षिक अहवालात हेच चित्र ब्लॉक करून छापलेले सापडले. भिंगाखाली धरले की छपाईचे ठिपके स्वच्छ दिसत होते आणि शिपायाचा हललेला चेहराही तोच होता. अहवालाच्या शेवटच्या पानावर मुद्रणालयाचे नाव आणि छपाईचे वर्ष होते. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या या चित्राची मुदत, कर्ता कोणीही असो, २००९ च्या अखेरीस संपलेली होती. एक पातळसा, वाळवीने कडा खाल्लेला अहवाल या ठिकाणी पुरावा म्हणून उभा राहिला. त्यामुळे संस्थांनी जुने अहवाल रद्दीत घालू नयेत, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला कळकळीने सांगत असते.

एका जाणकार गृहस्थांनी सुचवले होते की १९५७ पूर्वीच्या कायद्यात छायाचित्राची मुदत मूळ निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षे होती, तेव्हा तोच हिशेब धरावा. ती तरतूद १९११ च्या ब्रिटिश कायद्यातली आणि १९१४ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात आलेली. आमचा जिल्हा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. जिथे प्रसिद्धीच्या वर्षावरून निर्विवाद उत्तर मिळत होते, तिथे या फाट्यावर वळण्याचे मला कारण दिसले नाही.

वेरूळच्या लेण्यांच्या छायाचित्राचा प्रश्न यापेक्षाही लवकर सुटला. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेरूळची छायाचित्रे काढली आणि १९०५ साली त्यांचे निधन झाले. कोणत्याही नियमाने मोजले तरी ही चित्रे आज सर्वांची आहेत. त्यांच्या काचेच्या हजारो निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत. प्रश्न उरतो तो अशा चित्रांच्या स्कॅनवर संग्रहालये जे हक्क सांगतात त्यांचा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात असे ठरवले आहे की केवळ मेहनत घेतली म्हणून नवा प्रताधिकार निर्माण होत नाही, त्यात कौशल्य, विचार आणि थोडीतरी सर्जनशीलता असावी लागते. जशीच्या तशी नक्कल करणारा स्कॅन या कसोटीला उतरणे अवघड आहे. तरीही एखाद्या संस्थेकडून मोठ्या आकाराची फाइल घेताना आपण तिच्या अटी मान्य केलेल्या असतात आणि त्या पाळणे हा शब्दाचा प्रश्न आहे. आम्ही त्या पाळल्या.

घराघरांतून आलेल्या छायाचित्रांच्या बाबतीत कायदा अनेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला. कलम १७ नुसार एखाद्याने मोबदला देऊन आपला किंवा कुटुंबाचा फोटो काढून घेतला असेल आणि उलट करार नसेल, तर प्रताधिकाराचा पहिला मालक फोटोग्राफर नसून पैसे देणारे गिऱ्हाईक असते. त्यामुळे संस्थापकांची स्टुडिओत काढलेली छायाचित्रे छापण्यासाठी परवानगी घ्यायची ती त्यांच्या नातवंडांची. वाचनालयाने स्वतः पैसे मोजून काढून घेतलेल्या समारंभाच्या फोटोंसाठी तर कोणाकडेच जावे लागले नाही, कारण खर्चाच्या नोंदी रोजकीर्दीत सापडल्या. मुदत मात्र तेथेही छायाचित्रकाराच्या आयुष्यावरून मोजायची असते. मालक एक आणि मुदत दुसऱ्याच्या मृत्यूवरून, ही गोष्ट पचायला मला वेळ लागला.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागली ती १९७२ च्या दुष्काळाच्या छायाचित्रांची. गावातल्या एका फोटोग्राफरनी ती कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या ओढीने काढलेली आहेत. खडी फोडणाऱ्या बायका, पाझर तलावाच्या कामावरची हजेरी, रेशन दुकानापुढे मिलोसाठी, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीसाठी, लागलेली रांग. त्यातली काही १९७३ च्या महाविद्यालयीन वार्षिकांकात त्यांच्या नावासह छापली गेली होती. फोटोग्राफर १९९८ साली वारले. जुन्या नियमाने या चित्रांची मुदत २०३३ पर्यंत गेली असती. २०१२ च्या वेळी हक्क जिवंत असल्यामुळे आता ती २०५८ च्या अखेरपर्यंत आहे. म्हणजे पन्नास वर्षांहून जुने असलेले हे फोटो अजून तीसेक वर्षे त्यांच्या वारसांचे आहेत, आणि ते असेच असावे असे मला मनापासून वाटते, कारण त्या माणसाने स्वतःचा रोल आणि स्वतःचा वेळ खर्चून आपल्या भागाची एवढी मोठी आपत्ती नोंदवून ठेवली आहे.

त्यांचे चिरंजीव आजही जुन्याच जागेत झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचे दुकान चालवतात. मी कागद पुढे केल्यावर ते म्हणाले, ‘‘बाई, बापूंचे फोटो छापायला मला कशाला विचारायचं? छापा की. फक्त बापूंचं नाव गाळू नका.’’ तोंडी होकार मिळाला होता. परंतु कायदा परवानगी लेखी मागतो. शिवाय प्रताधिकार ही इतर मालमत्तेसारखी वारसांकडे जाणारी गोष्ट असल्यामुळे सर्व वारसांच्या सह्या हव्या होत्या. त्यांची बहीण नांदेडला असते. ‘‘ताईची सही कशाला, ती काय नाही म्हणणार आहे?’’ असे ते म्हणाले, तरी मी नांदेडला गेले आणि तो प्रवास सर्वाधिक लाभदायक ठरला. ताई लहानपणी वडिलांना डार्करूममध्ये मदत करत असत. हायपोच्या, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या, द्रावणातून काढलेले फोटोचे कागद पाण्यात धुऊन दोरीला चिमट्याने लावण्याचे काम त्यांचे असे. वहीतले प्रिंट पाहताना कोणता फोटो कोणत्या कामावरचा, कोणत्या महिन्यातला आणि त्या दिवशी वडिलांबरोबर सायकलवर कोण गेले होते, हे त्या सांगत गेल्या आणि माझ्याकडे नुसता ‘दुष्काळ १९७२’ एवढाच मजकूर असलेल्या चित्रांना गावांची नावे मिळाली. सहीसाठी केलेली भेट नसती, तर ही माहिती कोणत्याही कपाटात सापडणार नव्हती.

परवानगीचे पत्र कसे लिहावे हे मी वकिलांकडून नीट शिकून घेतले, कारण अशा पत्रांतली त्रुटी नंतर लक्षात येते आणि तोवर सही करणारे हयात नसतात. अधिनियमाच्या कलम १९ मध्ये असे आहे की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो हक्क भारतापुरता समजला जातो. कलम ३० अ अन्वये हाच नियम परवान्यांनाही लागू होतो. ‘आमची काही हरकत नाही’ एवढ्याच मजकुराचे पत्र घेऊन स्मरणिका काढणाऱ्या संस्थेने सहाव्या वर्षी दुसरी आवृत्ती काढली, तर ती विनापरवाना ठरू शकते. म्हणून आमच्या पत्रात प्रत्येक छायाचित्राची छोटी प्रत चिकटवली, खाली त्याचे वर्णन लिहिले आणि परवानगी स्मरणिकेच्या सर्व आवृत्त्यांसाठी, वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी आणि प्रदर्शनासाठी, प्रताधिकार असेपर्यंत, जगभरासाठी असून मालकी वारसांकडेच राहील आणि ते इतर कोणालाही परवानगी देऊ शकतील, असे स्पष्ट लिहिले. छायाचित्रकाराचे नाव चित्रालगतच छापले जाईल, ही अटही त्यातच घातली. कर्त्याचा नावावरील हक्क कलम ५७ नुसार प्रताधिकार विकल्यानंतरही कर्त्याचाच राहतो. तेव्हा मुलगा जे मागत होता ते कायदा आधीपासूनच मान्य करतो हे त्याला सांगताना मला विशेष समाधान वाटले.

वर्तमानपत्रांतील छायाचित्रांसाठी निराळी विचारपूस करावी लागली. वृत्तपत्राच्या नोकरीतील छायाचित्रकाराने काढलेल्या फोटोचा पहिला मालक वृत्तपत्राचा चालक असतो, परंतु तो फक्त वृत्तपत्र किंवा नियतकालिकातील प्रसिद्धीपुरता. बाकीच्या बाबतीत हक्क छायाचित्रकाराकडे राहतो, जर उलट करार नसेल तर. आमची स्मरणिका काही वर्तमानपत्र नव्हे. म्हणून संपादकांना पत्र लिहून भागले नाही, निवृत्त छायाचित्रकारांचाही ठावठिकाणा काढावा लागला. एका ठिकाणाहून नकार आला. तो आम्ही मान्य केला आणि ते पान बदलले. सरकारी छायाचित्रांची मुदत मात्र प्रसिद्धीपासून ६० वर्षे अशी सरळ मोजता येते. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली झाली; त्या वर्षी शासनाने प्रसिद्ध केलेल्या छायाचित्राची मुदत २०२५ च्या अखेरपर्यंत होती.

आता उचित वापराविषयी, म्हणजे परवानगी न घेताही कायद्याला चालणाऱ्या वापराविषयी, कारण बैठकीत सर्वाधिक वेळा तोच शब्द निघाला. अमेरिकेच्या कायद्यात हेतू, कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारावर होणारा परिणाम अशा चार कसोट्यांवर कोणत्याही वापराचा विचार होऊ शकतो. आपल्या कलम ५२ ची रचना तशी मोकळी नाही. खासगी उपयोग व संशोधन, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचे वृत्त, एवढ्याच हेतूंसाठी उचित वापराची मुभा आहे. त्याशिवाय शिक्षक, ग्रंथालये, न्यायालये इत्यादींसाठी स्वतंत्र पोटकलमे आहेत. किंमत लावून विकली जाणारी स्मरणिका ‘शैक्षणिक’ म्हटल्याने यांपैकी कशातच बसत नाही. शिक्षकांसाठीची सवलत अध्यापनाच्या ओघात केलेल्या वापरापुरती आहे. मात्र या कलमाने आम्हाला दोन ठिकाणी खरा आधार दिला. पहिला असा की, विनानफा सार्वजनिक ग्रंथालय आपल्याकडे असलेल्या कृतीची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत करून ठेवू शकते. त्यामुळे मालकी ठरलेली असो वा नसो, संपूर्ण खोक्याचे स्कॅनिंग निःशंकपणे करता आले. दुसरा आधार एका लेखाला मिळाला. स्टुडिओतील रंगवलेल्या पडद्यांवर, म्हणजे त्यावरचे जिने, कारंजी आणि कमानी यांवर, एका सहकाऱ्यांनी चिकित्सक लेख लिहिला होता. त्यात ज्या चित्राची समीक्षा केली आहे तेच चित्र, समीक्षेला लागेल तेवढ्याच आकारात आणि नावासह देणे हा टीकेसाठी केलेला उचित वापर आहे. तेच चित्र मुखपृष्ठावर सजावट म्हणून घातले असते तर हा आधार उरला नसता.

गोदावरीच्या पुराच्या एका छायाचित्राने मात्र शेवटपर्यंत दाद दिली नाही. शिक्का पुसलेला, काढणारा अज्ञात, कुठे छापल्याचा पुरावा नाही. प्रसिद्ध झालेल्या अनामिक कृतीसाठी प्रसिद्धीपासून ६० वर्षे असा नियम आहे. अप्रसिद्ध चित्राला तो लावता येत नाही, आणि कर्त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध होणाऱ्या कृतींच्या कलम २४ मध्ये छायाचित्रांचा उल्लेखच नाही. अशा बेवारस कृतींसाठी कलम ३१ अ आहे. त्यानुसार देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची, मग न्यायालयाकडे परवान्यासाठी अर्ज करायचा आणि ठरेल ते मानधन जमा करायचे. तालुक्याच्या वाचनालयाला एका फोटोसाठी हा खर्च झेपणारा नाही. छोट्या संस्थांसाठी सुटसुटीत, जिल्हा पातळीवरची सोय व्हायला हवी, असे माझे ठाम मत झाले आहे. ते छायाचित्र स्मरणिकेत आले नाही. स्कॅन जपून ठेवला आहे आणि वहीतले त्याचे पान उघडेच आहे.

प्रताधिकाराचे सगळे प्रश्न सुटल्यावरही एक प्रश्न उरला, जो या अधिनियमात येत नाही. खडी फोडणाऱ्या बायकांपैकी एक आजी अजून गावात राहतात आणि त्यांच्या सुनेने त्यांना ओळखले. हक्क फोटोग्राफरच्या वारसांचा असला तरी चेहरा आजींचा आहे. त्यांना प्रिंट दाखवून विचारले तेव्हा त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला, चित्रात शेजारी बसलेल्या दोघींची नावे सांगितली आणि छापायला हरकत नाही, पण आपले नाव घालू नये असे म्हणाल्या. चित्रओळीत आम्ही आजींचे नाव न घालता कामाचे ठिकाण आणि वर्ष दिले आहे. त्या दोघींपैकी एकीच्या घरच्यांनी नाव छापण्यास संमती दिली, म्हणून ते तेवढे दिले.

स्मरणिका छापून आल्यावर पत्रात लिहिल्याप्रमाणे वारसांना प्रती पोहोचवल्या. संमतीपत्रांची फाइल आणि छायाचित्रांची वही वाचनालयाच्या दप्तरात नोंद करून ठेवली असून पुढच्या कार्यकारिणीकडे कार्यभार देताना ती यादीसह सोपवावी, असा ठराव करून घेतला आहे. दुकानाच्या माळ्यावरच्या बापूंच्या निगेटिव्ह धूळ झटकून, कागदी पाकिटांत घालून, सालवार लावण्याचे काम ताई आणि त्यांच्या भावाच्या संमतीने आम्ही सध्या सुरू केले आहे.